धर्मानंदांनी नेपाळात काय पाहिले



आपण धम्मदीक्षा घेतली. देव्हाऱ्यातील देव विसर्जित केले, भिंतीवर भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या तसबिरी लावल्या, मुलांकडून त्रिशरण-पंचशील पाठ करून घेतले. त्या दिवसापासून गाव आपल्या घराकडे निराळ्या नजरेने पाहू लागले, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. मुळशी तालुक्यातील भरे घ्या, नाहीतर जवळपासचे घोटावडे किंवा पौड घ्या. खेड्यात कोणाच्या चुलीवर काय शिजते हे चार घरांना ठाऊक असते. पूर्वी आपल्या घरी आजारपण आले तर लोक नशिबाला बोल लावीत. आता तेच आजारपण आले की देव सोडल्याचे फळ म्हणतात. पोरगा नापास झाला, सुनेचे पटले नाही, शेळी मेली, कशाचाही बोल धम्मावर येतो. आणि घरात खरोखरच दारू, मारहाण, रडारड चालू असेल तर बोलणाऱ्याला आयतेच निमित्त सापडते. आपल्या सुखदुःखाचा जमाखर्च आता धम्माच्या नावे लिहिला जातो.

हे न्यायाचे आहे काय? मुळीच नाही. देव मानणाऱ्यांच्या घरी माणसे आजारी पडत नाहीत असे थोडेच आहे! पण जग धर्माची पारख ग्रंथ वाचून करीत नाही. त्या धर्माची माणसे कशी दिसतात, कशी बोलतात, एकमेकांशी कशी वागतात, यावरून करते. खरे सांगायचे तर आपणही दुसऱ्यांच्या धर्माची पारख तशीच करीत आलो.

या गोष्टीचा ज्याला फार जवळून अनुभव आला अशा एका थोर माणसाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ते म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी. नाव आपण ऐकले असेल. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ अनेक विहारांच्या कपाटांत असतो. परंतु हा माणूस कोणत्या दुःखातून धम्माकडे आला, बुद्धाच्या अनुयायांची स्थिती पाहून एकदा त्याचा जीव कसा खचला, आणि त्याच्या स्वतःच्या घराकडे पाहून दुसऱ्यांना काय वाटले असेल, याचा विचार आपल्यात फारसा होत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. घराणे सारस्वत ब्राह्मणांचे, पण घरी सुबत्ता नव्हती. मुलाची प्रकृती नाजूक, शाळा जेमतेम झालेली. मोठे झाल्यावर वडिलांच्या माडांच्या बागायतीकडे पाहणे हेच काम. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. पण मुलाचे चित्त कोठेच लागेना. शिकावे असे फार वाटे आणि शिकायला मार्ग नाही. घर सोडून जावे असे अनेकदा मनात येई. एकदा तर ते कोल्हापूरपर्यंत जाऊन परत आले. मन दिवसेंदिवस उदास होत गेले. आज डॉक्टर ज्याला नैराश्य म्हणतात तशीच काहीशी ती अवस्था होती, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन प्रांजळ आहे. स्वतःच्या मनाची दुर्बलता त्यांनी त्यात लपविलेली नाही.

अशा अवस्थेत १८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. गंमत पाहा, हे मासिक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे ख्रिस्ती पाद्र्यांचे! तेथून या तरुणाचे आयुष्य फिरले. ज्याच्या मनात रात्रंदिवस दुःखच दुःख, त्याला दुःखाचा विचार करून त्याच्या पलीकडे गेलेला माणूस भेटला. बाबासाहेबांच्याही आयुष्यात असाच एक ग्रंथ आला, हे आपल्याला ठाऊक आहे. ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. दोघांनाही बुद्ध प्रथम भेटला तो कागदावर. विहारात किंवा एखाद्या उपासकाच्या घरी भेटला नाही. भेटणार कसा? त्या काळच्या महाराष्ट्रात आणि गोव्यात बौद्ध म्हणवून घेणारे घरच कोठे होते?

हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या प्रांतात अनुयायी नाहीत तेथे धर्म नुसता ग्रंथात असतो, आणि ग्रंथातला धर्म नेहमी निर्मळ दिसतो. खरी परीक्षा अनुयायी भेटल्यावर सुरू होते. धर्मानंदांची ती परीक्षा पाच वर्षांनी व्हायची होती.

वडील वारल्यावर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी घर सोडले. पहिली मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यास येऊन ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत हवे म्हणून पुढे ग्वाल्हेर आणि तेथून काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण शिकायचे, असे दिवस काढले. अंगावर धड कपडा नाही, थंडीचे हाल. त्यांच्या या कष्टांबद्दल आदर वाटतो. पण एक गोष्ट विसरू नका. काशीच्या त्या अन्नछत्राचे दार ब्राह्मणाच्या मुलाला उघडले. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तेथे गेले असते तर त्यांना अंगणातही उभे केले नसते. दारिद्र्य दोघांचे सारखे असले तरी दोघांच्या वाटा सारख्या नव्हत्या.

१९०२ साली ते नेपाळात गेले. केवढ्या आशेने! नेपाळ म्हणजे लुंबिनीचा देश. तेथे बौद्ध धर्म अजून जिवंत आहे, तेथे कोणीतरी भिक्खू भेटेल, तो त्रिपिटक शिकवील, या एका आशेवर पहाड चढून ते काठमांडूला पोचले. स्वयंभू आणि बौद्धनाथ हे तेथील दोन प्रसिद्ध स्तूप. स्तूप होते, दिवे लागत होते, चक्रे फिरत होती. पण ग्रंथ शिकविणारा कोणी भेटेना. विहार सांभाळणारे लोक पिढीजात पुजारी झालेले, बायकामुलांत राहणारे. पुजाऱ्यांची जात वेगळी, बाकीच्यांच्या जाती वेगळ्या. होय, बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या विहारांतही जात शिरली होती! तंत्रमंत्र, मांस, मद्य, अस्वच्छता आणि अज्ञान. ज्या धर्मासाठी आईसारखे गाव सोडले, बायको आणि तान्ही पोर सोडली, त्या धर्माची माणसे अशी! धर्मानंदांना विलक्षण खेद झाला. आयुष्यात कधी झाली नसेल इतकी निराशा झाली.

वाचकहो, येथे थोडे थांबू. त्या दिवशी काठमांडूत दोन गोष्टी घडू शकत होत्या. धर्मानंदांनी म्हटले असते की अनुयायी असे, तेव्हा धर्मही असाच असणार, आणि ते गोव्याला परतले असते. तसे करणारे हजारो असतात. आपल्या वस्तीकडे पाहून परतणारेही असतील. ते येऊन सांगत नाहीत इतकेच.

दुसरी गोष्ट त्या वेळी धर्मानंदांच्याही पुरती ध्यानात आली नसावी. ती आज आपल्याला दिसते. नेपाळातील बौद्ध असे का झाले? त्या देशावर राणा घराण्याची सत्ता होती. १८५४ च्या मुलुकी ऐन नावाच्या कायद्याने साऱ्या प्रजेला जातीच्या उतरंडीत बसविले होते. बौद्धांनाही त्यातून सोडले नव्हते. धर्मांतर हा तेथे गुन्हा होता. पुढे विसाव्या शतकात काही तरुणांनी भिक्खू होऊन थेरवाद पुन्हा सुरू केला, तेव्हा १९४४ साली राणा सरकारने त्या भिक्खूंना देशाबाहेर घालविले. म्हणजे ज्या अनुयायांचे दैन्य पाहून परका माणूस धर्माला नावे ठेवी, ते दैन्य पुष्कळसे राज्यकर्त्यांनी लादलेले होते. पाहणाऱ्याला भिक्खूचे फाटके चीवर दिसते, त्याच्या मागचा कायदा दिसत नाही.

आपल्या बाबतीत हेच घडत नाही काय? १९५६ नंतर आपण बौद्ध झालो. पण जमीन नव्हतीच, ती दीक्षेने मिळाली नाही. कर्ज होते, ते दीक्षेने फिटले नाही. अनेक गावांत महारकीची कामे सोडली म्हणून बहिष्कार पडला, पाणी बंद झाले. या सवलतींचे पाहा: अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश केंद्र सरकारने केला तो १९९० साली, दीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. मधल्या काळात केंद्राच्या नोकरीसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी अनेकांनी कागदावर जुनीच जात लिहिली. या साऱ्यामुळे ज्या घरावर चिंतेची छाया पडली त्या घराकडे बोट दाखवून कोणी म्हणाले की बघा, बौद्ध होऊन काय मिळाले, तर त्याला उत्तर देताना आपण शरमू नये. त्या दुःखाचा धनी धम्म नाही.

पण सगळेच दुःख असे बाहेरून आलेले नसते. त्याकडेही यायचे आहे, आणि तेही धर्मानंदांच्याच चरित्रातून.

नेपाळातून ते बुद्धगयेला आले. तेथील महाविहार तेव्हा शैव महंताच्या ताब्यात होता. तेथे भेटलेल्या भिक्खूकडून सिलोनला जाण्याचा सल्ला मिळाला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत झाली आणि त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले. विद्योदय या विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकू लागले आणि श्रामणेर झाले. अखेर गुरू मिळाला. सुमंगल म्हणजे त्या काळचे मोठे पंडित, शेकडो विद्यार्थ्यांना शिकविणारे. सिलोनमध्येही सारे गोड नव्हते. तेथील जुन्या भिक्खुसंघात जातीचा भेद होता, आणि तेथील अन्न धर्मानंदांच्या प्रकृतीला मानवेना. तरीही तेथे धम्म शिकविला जात होता, लोक उपोसथाला विहारात येत होते, मुले वाचत होती. नेपाळात मेलेली वाटलेली गोष्ट तेथे चालतीबोलती दिसली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. सगाईंगच्या डोंगरातील गुहांत जर्मन भिक्खू ज्ञानतिलोक यांच्याबरोबर राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. कुशिनारा, सारनाथ ही स्थळे पाहिली. १९०६ साली कलकत्त्याला असताना चीवर उतरविले, तेथे पाली शिकविण्याचे काम पत्करले, आणि त्याच साली सुमारे सात वर्षांनी गोव्याला घरी आले.

माणिक तेव्हा सात वर्षांची झाली होती. बापाला ती ओळखत नव्हती हे सांगायला नको.

बाळाबाईंची ती सात वर्षे कशी गेली असतील? नवरा घर सोडून गेलेला, जिवंत आहे की नाही याची खात्री नाही, पदरी लहान मूल. अशा बाईकडे त्या काळचा समाज कसा पाहत असेल हे आपल्या आयाबहिणींना विचारा. आणि सांखवाळच्या लोकांनी बुद्ध पाहिला तो कोणता? त्यांच्या हाती सुत्तनिपात नव्हता, विसुद्धिमग्ग नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती बाळाबाई. बुद्धाच्या नादी लागले की बायकापोरे वाऱ्यावर सुटतात, एवढाच धडा त्यांनी घेतला असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

धर्मानंदांबद्दल मनात नितांत आदर असूनही मी हे लिहितो आहे. त्यांच्यावाचून मराठी माणसाला पाली कळली नसती, हे खरे. त्या काळात विद्येची वाट दुसरी नव्हती, हेही खरे. पण घरातील माणसाचे अश्रू हे धर्मकार्याचे मोल म्हणून दुसऱ्याच्या माथी मारता येत नाहीत. आपल्यातही असे कार्यकर्ते आहेत. दर पौर्णिमेला गावोगाव प्रवचने, आठवड्यातून तीन सभा, आणि घरात बायको एकटी शेतावर राबते, मुलाच्या शाळेचे कोणी पाहत नाही. घर कष्टी आणि व्यासपीठावर मंगल मैत्री! ती बाई शेजारणीला काय सांगत असेल? तिचा एक सुस्कारा तुमच्या दहा प्रवचनांना पुरून उरतो.

धर्मानंदांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. परतल्यावर त्यांनी संसार पुन्हा उभा केला, निदान तसा प्रयत्न केला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा दामोदर जन्मला. पुढे जगभर गाजलेले गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी ते हेच. आणखी दोन मुली झाल्या. कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये पत्करले. अट अशी होती की महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक ग्रंथ लिहावा. याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठविले, हे आपण जाणता. बडोद्याच्या तिजोरीतील या दोन रकमांनी महाराष्ट्रातील धम्माची दोन कामे झाली. एकाने ग्रंथ मराठीत आणले आणि दुसऱ्याने माणसे धम्मात आणली.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे धर्मानंद पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. मुळशी खोऱ्यातील आपली मुले आज पौड रस्त्याने पुण्यास शिकायला जातात, त्यांनी त्या कॉलेजाकडे एकदा या नजरेनेही पाहावे. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी एकूण चार वेळा बोलाविले. १९१८ साली जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही बरोबर नेले, आणि माणिकने तेथे पदवी मिळविली. ज्या मुलीला तान्हेपणी सोडून गेले तिला पुढे अमेरिकेत नेऊन शिकविले. मुलीला शिकविण्याचे नाव काढले तरी लोक हसत असा तो काळ. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींबरोबर मागेच राहिल्या.

आता त्यांच्या विचाराकडे वळू, कारण दुःखाचा प्रश्न त्यांनी ग्रंथातही सोडविण्याचा यत्न केला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? लहानपणापासून आपण ऐकतो की म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्राला वैराग्य आले, आणि यशोधरेला झोपेत टाकून तो मध्यरात्री निघून गेला. धर्मानंदांनी जुनी सुत्ते तपासून ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दाखवून दिले की ही कथा मागाहून रचलेली आहे. जुन्या सुत्तात सिद्धार्थ आईवडिलांच्या डोळ्यांदेखत, ते रडत असताना, प्रव्रज्या घेतो. लपून जात नाही. आणि जातो तो माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात याचा उबग येऊन. पुढे १९४५ साली ‘बोधिसत्त्व’ हे नाटक त्यांनी याच विचाराने लिहिले. त्यात शाक्य आणि कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा आहे.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच तंटा गृहत्यागाचे कारण आहे, आणि तेथे यशोधरा झोपलेली नाही. सिद्धार्थ तिच्याशी बोलतो, ती सारे समजून घेते आणि त्याला संमती देते. ज्यांच्या घरात हा ग्रंथ आहे त्यांनी ते पान आज पुन्हा वाचावे, आणि घरातील बायांना वाचून दाखवावे.

याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आणखी एक धाडसी प्रश्न विचारला. जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख, सारेच दुःख असे सांगितले तर माणसाला आशा काय उरली? चार आर्यसत्ये ज्या रीतीने सांगितली जातात त्या रीतीने बुद्धाचा धम्म निराशेचा धर्म ठरतो, आणि बौद्धेतरांना तो स्वीकारताना हीच मोठी अडचण होते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. बाहेरचा माणूस आपल्याकडे काय पाहतो याचा एवढा विचार दुसऱ्या कोणत्या धर्मसंस्थापकाच्या चरित्रकाराने केला असेल असे मला वाटत नाही. मग त्यांनी ग्रंथात मांडले की तथागत दुःखाचे अस्तित्व मान्य करतात, पण दुःख दूर करण्यावर तितकाच भर देतात. अर्धे सांगून थांबणारा धम्माचा अपराध करतो.

बाबासाहेबांनी धर्माचा निर्णय घ्यायला येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षे घेतली. या काळात त्यांनी ग्रंथ वाचले तशी माणसेही पाहिली. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिले आहे. चर्चमध्ये गेल्यावरही त्यांची जात सुटली नाही आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी चर्च झगडले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९५० साली ते कँडीच्या बौद्ध परिषदेस गेले. तेव्हाही तेथील बौद्धांचा प्रत्यक्ष आचार कसा आहे हे पाहणे हा त्यांचा एक हेतू होता. १९५४ च्या डिसेंबरात रंगूनहून परतल्यावर त्यांनी २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. भरे गावाहून देहूरोड काही फार लांब नाही. दरवर्षी त्या दिवशी तेथे माणसांचा पूर लोटतो. त्यात आपल्या शेजारच्या वस्तीतील एखादा बौद्धेतर बघ्या म्हणूनही येत असेल. तो परत जाताना काय घेऊन जातो, याचा विचार आपण करतो का?

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की आपण चोवीस तास हसरे तोंड करून फिरावे. तसले नाटक फार दिवस टिकत नाही आणि ते धम्माचेही नाही. ज्याचे मूल गेले त्याने रडावे. किसागोतमी मेलेले पोर छातीशी धरून आली, तेव्हा तथागतांनी तिला अश्रू पुसायला सांगितले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला तिला गावात पाठविले. घरोघरी हिंडून तिला कळले की आपण एकटी नाही. मात्र आपल्या काही मंडळींची रीत उलटी असते. एखादी बाई खचलेली दिसली, एखादा तरुण गप्पगप्प राहू लागला, की लगेच त्याच्या श्रद्धेवर शंका. वंदनेला बसत नाहीस म्हणून असे होते, म्हणून त्याला झिडकारायचे. अरे, तो तरुण धर्मानंद असेल! बावीस वर्षांचा, घरात कोणाला नकोसा, मनाने मोडलेला एक मुलगा होता म्हणूनच पाली मराठीत आली. अशा माणसाला आधी जवळ बसवा, दोन घास खाऊ घाला, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे न्या. मनाचा आजार हा पापाचा भोग आहे असे बुद्धाने कोठेही सांगितलेले नाही.

धर्मानंद स्वतः अखेरपर्यंत फार हसरे झाले असे दिसत नाही. पण त्यांचे दुःख निरुपयोगी राहिले नाही. गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी शिकविले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला भाग घेतला आणि तुरुंगात गेले. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला. जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून बांधलेल्या त्या विहारात साठी उलटलेले हे आचार्य काही काळ राहिले. हार्वर्डच्या पंडिताने गिरणगावात येऊन राहावे, कष्टकऱ्याला त्याच्याच भाषेत धम्म सांगावा, हे मला त्यांच्या साऱ्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते. गोव्यातील लोकांना जे दाखविता आले नाही ते त्यांनी परळला दाखविण्याचा यत्न केला.

अखेरच्या दिवसांत प्रकृती फार बिघडली. देह आता कोणाच्या उपयोगी नाही असे मानून त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. १९४६ साली गांधीजींनी त्यांना एकदा त्यातून परावृत्त केले होते. पण पुढील वर्षी सेवाग्रामला त्यांनी तो निश्चय तडीस नेला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. या बाबतीत त्यांच्या मनावर पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा प्रभाव होता. तो मार्ग आपला नाही. आजारी आणि वृद्ध माणूस कोणाच्या उपयोगी असो वा नसो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुतले-पुसले होते.

पाली शिकण्यासाठी आपल्या देशातून काही विद्यार्थी सिलोनला पाठविले जावेत, ही धर्मानंदांची शेवटची इच्छा होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी काठमांडूहून निराश होऊन निघालेल्या तरुणाला जेथे गुरू भेटला होता, तेथेच.